दिवा कोणत्या हातात होता

रंजू, ये, अशी जवळ बस. तो फोन आधी पालथा ठेव. कळंबोलीहून घणसोलीला यायला तुला सणच लागतो, आणि आलीस तरी एक पाय चपलेत. गाड्या सुटायच्यात, ड्रायव्हर आला नाही, नवरा वाट बघतोय — तुझं टेन्शन संपायचं कधी गं? आज बस. आज मला तुला ओरडायचं आहे.

परवा कामोठ्याला तुझ्या भावाच्या, दिनेशच्या घरच्या पूजेला तू जे केलंस ते मला आवडलं नाही. जेवणं झाली, सगळे हॉलमध्ये टेकले, आणि तू आईला म्हणालीस, "आये, तू बाप्यांत जाऊन सिनेमा बघितलास ती गोष्ट सांग ना गो." झालं. पोरं सरसावून बसली. दिनेशच्या सुनेनं मोबाइल धरला. तुझी आई तोंडाला पदर लावून हसली आणि सांगायला लागली. तूही हसलीस, पण तुझ्या हसण्यात एक कुसळ असतं, ते मला दिसतं. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली तुझी मोठी काकी? मी सगळ्यांत मोठ्यानं हसले.

आता खरं सांगते, तू समोर नाहीस. समोर असतीस तर मी चहा टाकला असता आणि विषय बदलला असता. ते मला फार छान जमतं. म्हणून लिहिते आहे, तू इथं पलंगावर बसली आहेस असं धरून. हे मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. तुझ्या काकांजवळ नाही, माझ्या लेकांजवळ नाही. गावदेवीपुढंही नाही — तिला ठाऊकच असेल, असं म्हणून तिथूनही सुटले.

गोष्ट सिनेमाची आहे. सिनेमासाठी कुणी इतकं तोंड लपवतं का, असं वाटेल तुला. वाटू दे.

आमच्या वेळी गावदेवीच्या जत्रेला ठाण्याहून मशीनवाला यायचा. देवळामागं खळं होतं — आता तिथं बिल्डिंग उभी आहे आणि खाली मोबाइलचं दुकान — त्या खळ्यात दोन बांबू रोवून पांढरा कपडा ताणायचे. मशीनच्या अंगाला बाप्ये बसायचे. आणि कपड्याच्या मागच्या अंगाला आम्ही बायका. अशीच पद्धत होती. कुणी घातली, का घातली, कुणी विचारलं नाही. कपडा पातळ, त्यामुळं मागूनही चित्र लख्ख दिसायचं. फक्त उलटं. उजवं ते डावं. हिरो डाव्या हातानं जेवायचा, हिरॉइनचा पदर भलत्याच खांद्यावर. मला तर लग्नानंतर कितीतरी वर्षं वाटायचं की सिनेमातली माणसं डावखुरीच असतात. हसू नको.

पण काय सुख होतं त्यात! पदरात भाजलेले चणे, मिठागरावरून येणारा खारा वारा, मांडीवर पेंगणारी पोरं. सिनेमाचं नाव वाचायला आम्हाला येत होतं कुठं? म्हणून नावं आम्हीच ठेवायचो. एक 'घोडेवाल्याचा'. एक 'सासू पायऱ्यांवरून पडते तो' — तो आम्ही सगळ्या सुनांनी परत लावायला सांगितला होता. आणि एक 'दिव्याचा'. त्यात नवरा गलबतावर जातो आणि येतच नाही. ती रोज तिन्हीसांजेला उंबऱ्यावर दिवा घेऊन उभी. शेवटी एक म्हातारा दारात येतो, ती दिवा वर उचलून त्याच्या तोंडाशी धरते — आणि ओळखते. आमच्याकडच्या किती जणींचे बाप, भाऊ दर्यावर गेलेले. सगळं खळं हुंदके द्यायचं.

त्यातलं गाणं — "उंबऱ्यावर ठेविते दिवा, वारा ओळखीचा यावा..." पुढं? पुढं मला येत नाही. चाल येते, हूं हूं करून रेटते. पुढचं तुझ्या आईला येतं.

तुझ्या आईचा गळा तू ऐकलाच नाहीस, रंजू. म्हणजे तू ऐकलास तो उरलासुरला. चांगुणा लग्न होऊन आली तेव्हा घर कसं झालं होतं सांगू? जात्यावर, विहिरीवर, मिठागरात पाय भाजत असतानाही हिचं गाणं सुरू. एकदा ऐकलं की पाठ. हळदीला बायका तिच्याभोवती गोळा व्हायच्या. मी थोरली जाऊ, मी घोंगडीच्या टोकाला. मला ते आवडायचं, असं मी सगळ्यांना सांगत आले.

बघ, मी परत लांबच्या वाटेनं चालले. येते, येते मुद्द्यावर.

मला तेव्हा एक वेड लागलं होतं — अक्षरांचं. शाळेत तर कधी गेले नाही. चहाच्या पुड्यांचे कागद, दुकानांच्या पाट्या, यांवरून एक एक अक्षर जुळवत होते, चोरून. कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त तुझ्या आईला. आणि सिनेमा सुरू झाला की पडद्यावर एवढाली मोठी अक्षरं यायची — आणि सगळी पाठमोरी. किती चिडायचे मी! एवढी मोठी अक्षरं पुन्हा कुठं बघायला मिळणार होती? आणि ती माझ्याकडं पाठ करून उभी.

त्या जत्रेला 'दिव्याचा' दुसऱ्यांदा आणला होता; पहिल्यांदा आला तेव्हा चांगुणा अजून या घरात आली नव्हती. आम्ही दोघींनी सारखीच लुगडी नेसली होती. नणंदेच्या लग्नात दोघी जावांना एकाच थानातली पोपटी लुगडी घेतली होती, ती. तुझी आजी, म्हणजे आमची सासू, बायकांत पुढं बसलेली. आम्ही दोघी पार मागं, भिंतीला टेकून, कारण पोरं लहान. माझा लेक झोपला होता. तू तर तान्हीच, आईच्या पदराखाली. मी हळूच म्हटलं, "चांगू, याच्यावर हात ठेव. मी नुसतं नाव वाचून येते." ती म्हणाली, "जा गो बाय, मी हाय ना."

मी भिंतीच्या कडेनं पुढच्या अंगाला गेले. अंधार. मशीनवाला उतारवयाचा माणूस, मशीनच्या खडखडाटानं कान गेलेले बहुतेक. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही, पायानं एक स्टूल पुढं सरकवलं. तीन पायांचं, एक पाय डुगडुगता. मी बसले. आणि अक्षरं आली.

सरळ. सगळी सरळ, माझ्याकडं तोंड करून.

मी वाचलं, रंजू. सिनेमाचं नाव वाचलं. मग नटांची नावं, गाणाऱ्यांची, कपडे शिवणाऱ्याचंसुद्धा. अर्धी वाचेपर्यंत ती निघून जायची आणि दुसरी यायची, पण वाचली. मशीनमधून गरम वारा गालावर येत होता. नावं संपली की उठायचं ठरवलं होतं. उठले नाही. तिनं दिवा उजव्या हातात धरलेला बघितला. माणसं उजव्या हातानं जेवताना बघितली. आपल्यासारखीच होती गं ती सगळी.

आणि मग रीळ तुटलं. मशीनवाल्यानं बत्ती लावली. पुढची माणसं काय झालं म्हणून मागं वळली, आणि मी उठून पळाले. कुणी तोंड बघितलं नाही. पाठ बघितली. पोपटी.

घरी येताना मी तुझ्या आईला सगळं सांगितलं. स्टूल, डुगडुगता पाय, गालावरचा गरम वारा, सगळं. लेक माझ्या खांद्यावर, तू तिच्या. ती तोंड दाबून हसत होती, आणि पुन्हा पुन्हा विचारत होती, "अक्षरं खरंच सरळ व्हती, बाय?" तिलाच आनंद झाला होता जास्त, माझ्यापेक्षा.

सकाळी भावकीतले एक चुलत सासरे आले आणि ओटीवर बसून म्हणाले, तुमच्या घरची सून काल बाप्यांत मशीनवाल्याजवळ बसली होती, पोपटी लुगड्यातली. एवढं बोलून, चहा पिऊन गेले.

तुझ्या आजीनं आम्हां दोघींना समोर उभं केलं. ती ओरडली नाही. हुशार बाई होती, तिचा न्याय गावात मानायचे. तुझा बाबा खांबाला टेकून उभा. तुझे काका अंगणात, पाठ करून. सासूनं एकच विचारलं, "दिवा बायचे कंच्या हातान व्हता?"

तुझी आई पटकन म्हणाली, "उजवे."

का म्हणाली सांगू? कारण तिनं सिनेमा बघितलाच नव्हता. एक पोर छातीशी, एक मांडीशी, मान खाली. ती नुसती ऐकत होती. गाणं ऐकत होती. दिवा माणूस उजव्या हातात धरतं, म्हणून उजवा म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

पण पडद्यामागून दिवा डाव्या हातात दिसला होता, सगळ्या बायकांना. सासूलाही. उजव्या हातात दिसला असेल तर तो पुढं बसलेल्यालाच. मला सासूचे डोळे बारीक झालेले दिसले, आणि त्या क्षणी मला सगळं कळलं. काय विचारलं, का विचारलं, चांगुणा काय बोलून बसली, आणि मी काय बोलले म्हणजे सुटेन. आता ऐक. मी घाबरून गप्प बसले असते तर वेगळं होतं. मी गप्प बसले नाही.

मी म्हणाले, "डावे."

हेच ते. एवढंच. एक शब्द.

सासूनं मान हलवली. तुझ्या आईला म्हणाली, "पोर थोरलीवर टाकून गेलीस ना?" आणि मी मान खाली घातली, म्हणजे हो, माझ्यावरच टाकली होती. तुझ्या आईनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. तिच्या एका वाक्याचं काम होतं. ती बोलली नाही. तेव्हा नाही, नंतर नाही, कधीच नाही. का? मला ठाऊक नाही. विचारण्याइतकी मी तिच्या जवळ पुन्हा कधी बसले नाही.

तुझ्या बाबानं मारलं नाही, एवढंच. तिला माहेरी नेऊन सोडलं, तुझ्यासकट. भातकापणीला माणसं कमी पडली तेव्हा परत आणलं. पुढं जत्रेच्या सिनेमाला तिनं घरी राहायचं, असं ठरलं. आणि गाणं बंद. कुणी तोंडानं बंद कर म्हणालं नाही, पण हळदीला ती सूर लावायला गेली की बायका एकमेकींकडं बघायच्या. मग ती चूल सांभाळायला लागली. मग हळदीला मला बोलवायला लागले. कितीतरी वर्षं मी गायले. अर्धी गाणी विसरलेली, दुसरी ओळ हूं हूं करून पुढं न्यायची — आणि पुढची ओळ जिला येते ती आत भाकऱ्या थापत होती. मला वाईट वाटायचं का? वाटायचं. पण हळदीत मध्यभागी बसायला बरंही वाटायचं. घे, हेही लिहून टाकलं.

आता तुझं. हे लिहायचं म्हणूनच इतका वेळ सिनेमाच्या गप्पा मारत बसले.

तू सातवीत होतीस. मास्तर घरी आले होते, पोरीचं डोकं चांगलं आहे, पुढं शिकवा म्हणून. तुझा बाबा निम्मा तयार झाला होता. आणि सासू म्हणाली, नको, पोर आयवर गेली तर? तिची आय कशी ते ठाव हाय. मी तिथंच तांदूळ निवडत बसले होते. मास्तर माझ्याकडं बघत होते, घरातली थोरली काही बोलेल म्हणून. मी सूप हातात घेऊन आत गेले.

तू आयुष्यभर म्हणत आलीस की आईमुळं तुझी शाळा गेली. माझ्यासमोर म्हणालीस. माझ्याच घरी, माझ्याच हातचा चहा पिताना म्हणालीस, आणि मी म्हटलं, जाऊ दे गं, जुन्या गोष्टी. तुझी शाळा आईमुळं गेली नाही. ती आई ज्या वेळी पुढं बसली होती म्हणतात, त्या वेळी तू तिच्या पदराखाली दूध पीत होतीस. तीच पोर. आणि जी बाई अक्षरं वाचायला म्हणून उठून गेली होती, तिच्यामुळं तुझी अक्षरं गेली.

पुढं जमिनी शहरात गेल्या, भाऊ वेगळे झाले, तुम्ही कामोठ्याला गेलात. सासू गेली, मशीनवाला कधीच गेला असेल. गोष्ट मात्र राहिली. आधी ती कुजबुजून सांगायचे, मग टोमण्यात, आणि आता — आता ती गंमत झाली आहे. पोरं म्हणतात, आजी काय डेअरिंगबाज होती. मला वाटलं, चला, विरलं सगळं.

गेल्या वर्षी माझ्या नातवानं मोठ्या टीव्हीवर तो सिनेमा शोधून लावला. एवढ्याशा ओळीवरून शोधला, बघ. सगळे बसले. ती उंबऱ्यावर आली आणि दिवा वर उचलला. उजव्या हातात. मला गरम होतंय म्हणून मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. नातू म्हणाला, आजी रडली, जुन्या आठवणी.

आणि मग परवाची पूजा. तुझी आई दिनेशला स्वतःच्या भावाच्या नावानं हाक मारते. जेवली की नाही ते विसरते. पण तू गोष्ट सांगायला लावलीस, आणि तिनं आधी ते गाणं म्हटलं. सगळंच्या सगळं. मला जी ओळ येत नाही तीसुद्धा. आवाज फाटला आहे, पण ओळ सुटली नाही. आणि मग ती हसत सांगायला लागली की मी पुढं गेले, मशीनवाल्यानं पायानं स्टूल सरकवलं, तीन पायांचं, एक पाय डुगडुगता, आणि गालावर गरम वारा येत होता.

ते माझे शब्द आहेत, रंजू. घरी येताना मी तिला सांगितलेले, जसेच्या तसे. ती त्या स्टुलावर कधी बसली नाही.

ती खरंच विसरली का? इतकी वर्षं सगळ्यांनी सांगितलं म्हणून तिला ते स्वतःचं वाटायला लागलं? की अजूनही मला पाठीशी घालते आहे, तशीच, त्या ओटीवरच्यासारखी? सांगता सांगता तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मला कळलं नाही, आणि मी हसले.

मी तेव्हा वयानं लहान होते, सासू कडक होती, नवऱ्यानं घराबाहेर काढलं असतं — असलं काही सांगणार नाही. चांगुणाही लहानच होती. तिलाही तीच सासू होती. आणि नंतर सासू गेल्यावर, नवरा गेल्यावर, कुणाचीच भीती उरली नव्हती तेव्हाची इतकी वर्षं? त्यांचं काय सांगू?

माफ कर म्हणत नाही. आईशी नीट वाग, असंही म्हणत नाही, तो हक्क मला नाही. तुला मला पुन्हा मोठी काकी म्हणू नये असं वाटलं, तर नको म्हणूस. पण तिनं दिलेलं उत्तर बरोबर होतं. दिवा उजव्या हातातच होता. हे तिला आजवर कुणी सांगितलेलं नाही, आणि ते मलाच सांगायचं आहे, तिच्या तोंडावर. दिनेशच्या सुनेला म्हणावं मोबाइल धर, सगळ्यांना ऐकू दे.

तेव्हा ये गं. या रविवारी जमलं तर याच रविवारी. आईला घेऊन ये. तिला थोडंफार आठवतंय तोवर ये.